जुन्या सर्फबोर्डचं ठिगळ झाकायला पोस्का मार्कर: काम चोख, पण एकट्याच्या जिवावर नाही

जुन्या पॉलियुरेथेन फोमच्या बोर्डवर दुरुस्तीचं पांढरं ठिगळ लपत नाही. आजूबाजूचा फोम उन्हानं पिवळा पडलेला, आधीची दुरुस्ती त्याहून तपकिरी. रेझिनमध्ये रंग घालून तो पिवळा नेमका जुळवलात, तरी नवं रेझिन उन्हात आणखी पिवळं पडतं आणि जुळणी विस्कटते. त्यापेक्षा ठिगळावरून या रेलपासून (बोर्डच्या बाजूच्या कडेपासून) त्या रेलपर्यंत रंगाचा पट्टाच ओढावा. तो मुद्दाम काढल्यासारखा दिसतो.

या पट्ट्यासाठी पोस्का हा रंगाचा मार्कर उत्तम. रंग पाण्यातला, अपारदर्शक, जवळजवळ बिनवासाचा. मोठ्या भागाला ८ मिमी चपट्या टोकाचा पीसी-८के, कडांना पीसी-५एम.

आधी ठिगळ कोरडं आहे का ते बघा. अंगठ्यानं दाबल्यावर दबलं किंवा करकरलं, तर आत पाणी आहे किंवा फायबर सुटलंय. त्यावर रंग मारणं म्हणजे ओल्या भिंतीला चुना. पाय घसरू नये म्हणून बोर्डला लावलेलं वॅक्स खरवडून अल्कोहोलनं पुसा, २४० नंबरच्या पॉलिश पेपरनं चमक घालवा, पुन्हा पुसा. वॅक्सचा हात जरी राहिला तरी शाई थेंबाथेंबानं आकसते.

मास्किंग टेपच्या कडा नखानं दाबून बसवा. तपकिरी डागावर थेट पिवळा किंवा आकाशी मारू नका, खालचा डाग डोकावतो. आधी पांढऱ्याचे दोन हात, मग रंगाचे दोन, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. मध्ये निदान अर्धा तास. घाई केली की मार्करचं टोक खालचा थर उचलतं आणि रबर खोडल्यासारख्या गुठळ्या होतात. गडद रंग टाळलेले बरे, ते उन्हात तापतात. ईपीएस म्हणजे थर्माकोलसारख्या फोमच्या बोर्डला तर ते अजिबात सोसत नाही.

मार्करची खरी उणीव पुढे आहे. वर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लेपाचा थर नसेल तर रंग वॅक्स खरवडताना निघून येतो. रात्रभर सुकवून अॅक्रिलिक क्लिअर स्प्रेचे पहिले दोन हात अगदी भुरभुरते द्या. पहिलाच हात ओला पडला तर शाई पसरते. नंतरचे दोन-तीन जरा भरून. ईपीएसचा फोम कुठे उघडा असेल तर स्प्रे लांबच ठेवा, त्यातलं द्रावण फोम खातं. कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत क्लिअर दुधाळ होतं, त्यामुळे हे काम उघडीप पडल्यावरच काढा.

ठिगळ तळहाताहून बरंच मोठं असेल, तर मार्करपेक्षा रंगीत रेझिनचा हात परवडतो.