युक्रेनवर पीएच.डी.: फुलब्राइट-नेहरू घ्यावी की डाड?

भारतात पीएच.डी.ची नोंदणी आहे, विषय युक्रेनचा आहे आणि काही महिने बाहेर जाऊन काम करायचं आहे, तर समोर दोन मोठे रस्ते येतात: फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल (भारतीय संशोधकांना अमेरिकेत नेणारी शिष्यवृत्ती) घेऊन अमेरिका, किंवा डाडची (DAAD, जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था) संशोधन शिष्यवृत्ती घेऊन जर्मनी. खुद्द युक्रेनमध्ये राहून काम करण्याचा बेत तूर्त प्रस्तावाचा कणा करू नका. २४ फेब्रुवारी २०२२पासून तिथे नागरी विमानं उतरत नाहीत. बहुतेक जण पोलंडमधल्या प्शेमिश्लहून रेल्वेने जातात, आणि युद्धक्षेत्रातला प्रवास बहुतेक विमा पॉलिसींमध्ये बसत नाही.

अमेरिका म्हटलं की आधी हार्वर्ड आठवतं, आणि ते योग्यच आहे. स्थलांतरित युक्रेनियनांनी १९५७पासून वर्गणी गोळा करून तिथे अध्यासनं उभी केली आणि १९७३मध्ये संशोधन संस्था सुरू झाली. वायडनर ग्रंथालय, १९७७पासून निघणारं नियतकालिक, उन्हाळ्यातला सात आठवड्यांचा भाषा आणि इतिहासाचा वर्ग, हे सगळं एकाच आवारात मिळतं. शिवाय ज्यांचे लेख तुम्ही संदर्भसूचीत घालता तीच माणसं चर्चासत्रात शेजारी बसलेली असतात. हा फायदा कमी लेखू नये.

तरीही जाण्याआधी एक यादी करा: तिथे प्रत्यक्ष गेल्याशिवाय मिळणार नाही असं नेमकं काय आहे? सोव्हिएत निर्वासितांच्या १९५०-५१मधल्या मुलाखतींचा प्रसिद्ध हार्वर्ड संग्रह इंटरनेटवर खुला आहे. होलोदोमोरचे (१९३२-३३मधल्या युक्रेनमधल्या दुष्काळाचे) नकाशेही खुले आहेत. मग उरतात ते स्थलांतरितांचे खासगी कागद, त्यांची वृत्तपत्रं आणि माणसांचा सहवास. तुमचा विषय डायस्पोराचा, म्हणजे परदेशात स्थायिक झालेल्या युक्रेनियनांचा, असेल तर अमेरिकेला पर्याय नाही.

जर्मनीत मात्र सगळं विखुरलेलं आहे. फ्रांकफुर्ट ओडरच्या वियाद्रिना विद्यापीठात आणि रेगेन्सबुर्गमध्ये २०२४पासून डाडच्याच पैशातून युक्रेन-अभ्यासाची केंद्रं चालतात. ग्राइफ्सवाल्डला दर उन्हाळ्यात ‘उक्राइनिकुम’ नावाचा वर्ग भरतो. १९२१मध्ये व्हिएन्नात स्थापन झालेलं आणि पुढे प्रागला गेलेलं युक्रेनियन मुक्त विद्यापीठ १९४५पासून म्युनिकमध्ये आहे. (तिकीट काढताना जपा. वियाद्रिनाचं फ्रांकफुर्ट मोठ्या विमानतळाचं नव्हे, ते बर्लिनच्या पूर्वेला पोलंडच्या सीमेवर आहे.) १९४१ ते १९४४ या काळातल्या जर्मन ताब्यावर काम असेल, तर बर्लिन-लिख्टरफेल्डच्या संघीय अभिलेखागारातले ‘आर ६’ आणि ‘आर ९४’ हे दोन संग्रह टाळून चालणारच नाही. पहिला पूर्वेकडच्या व्याप्त प्रदेशांच्या मंत्रालयाचा, दुसरा राइशकोमिसारियाट युक्रेनचा, म्हणजे तिथल्या नाझी मुलकी प्रशासनाचा. सक्तीच्या मजुरीसाठी नेलेल्यांच्या नोंदी बाड आरोल्सेनला आहेत आणि त्यांचा मोठा भाग घरबसल्या बघता येतो. गॅलिशियावर (आजचा पश्चिम युक्रेन आणि दक्षिण पोलंड) काम करणाऱ्याने मात्र अमेरिका आणि जर्मनी दोन्हींपेक्षा व्हिएन्नाचा विचार आधी करावा, कारण तो प्रदेश १७७२ ते १९१८ ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याकडे होता.

पैशाच्या बाबतीत फार तुलना करण्यात अर्थ नाही. फुलब्राइट विमानभाडं, मासिक भत्ता आणि आजारपण-अपघात विमा देते. डाड पीएच.डी.वाल्यांना महिन्याला साधारण १,३०० ते १,४०० युरो, विमा आणि प्रवासखर्च देते, शिवाय मुक्काम सहा महिन्यांहून जास्त असेल तर आधी जर्मन भाषेचा वर्गही मिळू शकतो. एका माणसाचं दोन्हींत भागतं. कुटुंब न्यायचं असेल तर दोन्हींत ओढाताण होते.

पात्रतेत खरा फरक आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या कॉलेजांत शिकवत पीएच.डी. करणाऱ्यांना थेट लागतो. डाड साधारणपणे शेवटची पदवी सहा वर्षांच्या आतली आणि पीएच.डी.ची सुरुवात तीन वर्षांच्या आतली मागते. एम.ए. करून नेट-सेट, मग तासिका तत्त्वावर काही वर्षं, आणि त्यानंतर नोंदणी, असा क्रम असेल तर इथेच दार बंद होऊ शकतं. फुलब्राइट भारतातल्या नोंदणीला किमान एक वर्ष झालेलं बघते आणि नोकरी असेल तर संस्थेकडून रजेची हमी मागते. उशिरा नोंदणी झालेल्यांनी माझं पुढचं मत बाजूला ठेवून फुलब्राइटच भरावी.

बाकीच्यांसाठी माझा कल जर्मनीकडे आहे, आणि मी स्वतःही तोच रस्ता घेतला. त्याचं कारण ग्रंथालय नाही, पैसाही नाही. कारण आहे जे-१ व्हिसा, म्हणजे देवाणघेवाणीवर अमेरिकेत जाणाऱ्यांचा व्हिसा.

फुलब्राइट-नेहरू अमेरिका आणि भारत या दोन्ही सरकारांच्या पैशावर चालते, म्हणून या व्हिसाला दोन वर्षांची मायदेशी राहण्याची अट चिकटते. परतल्यावर भारतात एकूण दोन वर्षं प्रत्यक्ष राहिल्याशिवाय एच-१बी किंवा एल हे नोकरीचे व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसाला ही अट आड येत नाही. पण युक्रेन-अभ्यासातल्या शिकवण्याच्या जागा मुळात मोजक्या, त्यातल्या बऱ्याच उत्तर अमेरिकेत, आणि त्या नेमक्या तुमच्या दोन वर्षांत निघाल्या तर हातून जातात. सूट मागता येते, पण सरकारी पैशावर आलेल्यांना ती क्वचितच मिळते. डिसेंबर २०२४मध्ये भारताचं नाव कौशल्य-यादीतून (ज्या देशांच्या ठरावीक कौशल्यांच्या लोकांना ही अट लागते त्या अमेरिकी यादीतून) निघालं, त्यामुळे ‘आता अट गेली’ असं बरेच जण समजतात. ती सवलत सरकारी पैसा न घेतलेल्यांना आहे, फुलब्राइटवाल्यांना नाही.

विद्यापीठाच्या स्वतःच्या फेलोशिपवर गेलात तर वेगळी गाठ बसते. जे-१ व्हिसासाठी यजमान संस्था देते त्या डीएस-२०१९ या कागदावर तुमचा वर्ग ‘रिसर्च स्कॉलर’ असा पडला, तर काम दोन महिन्यांत संपलं तरी पुढचे २४ महिने त्याच वर्गात पुन्हा जाता येत नाही. मुक्काम सहा महिन्यांच्या आतला असेल तर ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ असा वर्ग लिहून मागा. त्याला ही बंदी नाही, मात्र सहा महिन्यांपुढे वाढही नाही. ही विनंती कागद छापून येण्याआधी करायची असते. त्यात भर म्हणजे मे २०२५मध्ये सरकारने हार्वर्डची परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगीच काढून घेतली होती. न्यायालयाने तो निर्णय थांबवला.

युक्रेनचा विषय एका फेरीत संपत नाही. कागद चार देशांत आहेत, कीव्हमधलं अभिलेखागार कधी कुणाला कितपत उघडं असेल ते युद्धावर ठरतं, आणि पहिल्या फेरीत सापडलेल्या गोष्टीवरून दुसऱ्या फेरीची गरज ठरते. डाडच्या दुहेरी मार्गदर्शनाच्या योजनेत पदवी भारतातल्याच विद्यापीठाची राहते, जर्मनीत दुसरा मार्गदर्शक मिळतो आणि एकूण २४ महिन्यांपर्यंतचा मुक्काम तुकड्या पाडून घेता येतो. माझ्या मते या विषयाला ही रचना जास्त मानवते.

जर्मनीत कटकटी नाहीत असं नाही. पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. पोटभाड्याने खोली देणारे बरेच जण ते द्यायला तयार नसतात. नोंदणी नाही तर निवास परवाना अडतो, म्हणून खोली ठरवतानाच पत्राचं विचारून घ्या.

अर्ज सर्वांत जास्त वेळा पडतो तो यजमानाच्या पत्रावर. ‘आम्हाला आनंद होईल’ एवढ्यावर समितीचं समाधान होत नाही. पत्रात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मार्गदर्शन कोण करणार, बसायला जागा आणि ग्रंथालयाचा प्रवेश मिळणार का, आणि तुमचा विषय त्यांच्या कुठल्या कामाशी जुळतो, हे सगळं हवं. प्राध्यापकांना निदान सहा महिने आधी लिहा. सोबत दोन पानी आराखडा आणि एक छापलेला लेख जोडा. ऑगस्टमध्ये पाठवलेल्या मेलला जर्मनीतून उत्तर येण्याची आशा कमीच.

दुसरं कारण भाषा. मुंबईत किंवा पुण्यात रशियन शिकलेल्यांना वाटतं की तेवढ्यावर भागेल. वाचनाला मदत होते हे खरं, पण युक्रेनियन येत नसेल तर युक्रेन-अभ्यासाचं केंद्र आज तुमच्याकडे गंभीरपणे बघणार नाही. अर्जात ‘शिकणार आहे’ लिहू नका. कुठे शिकताय, किती झालं आणि कुठला मजकूर वाचू शकता ते लिहा. स्रोतही तसेच नेमके द्या: अभिलेखागाराचं नाव, मग फोंद (संग्रह), ओपिस (सूची) आणि स्प्रावा (फाइल) यांचे क्रमांक.

दोन्हीकडे अर्ज करायला हरकत नाही. फुलब्राइटची मुदत साधारण जुलैत संपते, डाडची त्यानंतर शरदात, त्यामुळे एकाच वर्षात दोन्ही जमतात. फक्त तोच प्रस्ताव उचलून दुसरीकडे चिकटवू नका. फुलब्राइटला हे काम अमेरिकेतच का, याचं उत्तर हवं असतं. डाडला याच मार्गदर्शकाकडे का, याचं.