गाडी गरम झाली की सुरू होत नाही? कॉइल बदलण्याआधी स्पार्क टेस्टर घ्या

थंड इंजिनाला पहिल्या किकला सुरू होणारी मोटरसायकल पंधरा-वीस किलोमीटर चालवून पाच मिनिटं उभी केली, की सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते पण गाडी दाद देत नाही. अर्ध्या तासाने तीच गाडी काहीच झालं नव्हतं अशी चालू होते. अशा तक्रारीवर बहुतेक वेळा एकेक भाग बदलत जाण्याचा उपाय होतो. आधी प्लग, मग प्लगला उच्च व्होल्टेज देणारी कॉइल, मग ठिणगीची वेळ सांभाळणारा सीडीआय हा इलेक्ट्रॉनिक डबा, शेवटी कार्ब्युरेटरचं किट. दोष मेकॅनिकच्या हाताचा नसतो. गाडी त्याच्यापुढे येईपर्यंत इंजिन गार झालेलं असतं आणि बिघाड गेलेला असतो. तो हजर असतो जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात ठिणगी आहे की नाही आणि असली तर ती पुरेशी जोरदार आहे की नाही, हे सांगणारं साधन गाडीतच हवं. गॅप, म्हणजे ठिणगीने ओलांडायचं अंतर, बदलता येणारा स्पार्क टेस्टर हे काम चोख करतो. याच नावाने विकला जाणारा दिव्याचा टेस्टर मात्र या दुखण्यावर अर्धवट उपयोगाचा आहे. म्हणून दोन्हींबद्दल नीट लिहायला हवं.

गॅपचा टेस्टर अगदी साधा असतो. पारदर्शक नळी, तिच्या दोन टोकांना दोन इलेक्ट्रोड, त्यातला एक आट्यांवर पुढे-मागे होणारा, आणि अर्थ करायला, म्हणजे इंजिनाच्या धातूला जोडायला, एक चिमटा. प्लग कॅप या टेस्टरवर बसवायची, चिमटा इंजिनाला लावायचा आणि सेल्फ मारायचा. नळीत ठिणगी दिसते. हेच काम प्लग काढून, तो हेडला टेकवून करता येतं, मग वेगळं साधन कशाला? कारण ती जुनी पद्धत फसवते. प्लगचा गॅप असतो ०.७ ते ०.८ मिमी, आणि उघड्या हवेत एवढं अंतर मरायला टेकलेली कॉइलसुद्धा ओलांडते. सिलिंडरमध्ये तीच ठिणगी कितीतरी पट दाबलेल्या मिश्रणातून जायची असते, आणि दाब वाढला की त्याच गॅपला लागणारं व्होल्टेज वाढतं. हा फरक भरून काढायला हवेतला गॅप मोठा ठेवावा लागतो. म्हणूनच यामाहाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किमान ६ मिमीची चाचणी दिलेली असते, आणि सुझुकी ८ मिमी मागते. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा, नसेल तर ६ मिमीपासून सुरुवात करा.

दुसरा फायदा याहून मोठा आहे. या चाचणीला प्लग काढावा लागत नाही. कॉम्प्रेशन तसंच राहतं, सेल्फवर खरा भार पडतो, बॅटरीचं व्होल्टेज खरोखर जितकं उतरायचं तितकं उतरतं, आणि त्या अवस्थेतली ठिणगी बघायला मिळते. प्लग काढून सेल्फ मारला तर मोटर हलकी फिरते, बॅटरी उतरत नाही आणि ठिणगी छान दिसते. शिवाय गरम, ओव्हरफ्लो झालेल्या इंजिनाचा प्लग काढून सेल्फ मारला तर त्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो, आणि शेजारीच उघडी ठिणगी असते. गाडी पेटायला एवढं पुरतं. प्लग जागेवर घट्ट असू द्या, टेस्टर कार्ब्युरेटरपासून लांब धरा आणि कुठे पेट्रोल ठिबकत असेल तर आधी ते पुसा.

विकत घेताना सगळ्यात आधी टोक बघा. बरेच टेस्टर कारसाठी किंवा गवत कापायच्या मशिनसाठी केलेले असतात. त्यांच्या टोकाला जाड, गोल बोंड असतं. मोटरसायकलच्या कितीतरी प्लग कॅप मात्र ४ मिमीच्या उघड्या आट्यांवर बसणाऱ्या असतात. त्या प्लगवरचं बोंड फिरवून काढलेलं असतं. जाड टोकाचा टेस्टर अशा कॅपमध्ये शिरत नाही, आणि जोर लावला तर कॅपच्या आतली स्प्रिंग वाकते. बोंड फिरवून निघतं आणि खाली आटे आहेत, असाच टेस्टर घ्यावा. दुसरी गोष्ट चिमट्याची. स्वस्त टेस्टरमध्ये तो पातळ पत्र्याचा असतो, स्प्रिंग लवकर सैल पडते आणि अर्थ सुटतो. अर्थ सुटलेला टेस्टर चांगल्या कॉइललाही नापास करतो. फार वाईट म्हणजे सीडीआयला अर्थाशिवाय ठिणगी सोडायला लावली तर ते व्होल्टेज दुसरीकडे वाट शोधतं, आणि कॉइलचं किंवा सीडीआयचं इन्सुलेशन फुटू शकतं. चिमटा रंग नसलेल्या बोल्टलाच लावा, आणि लावल्यावर ओढून बघा.

नळीवर किलोव्होल्टचे आकडे छापलेले असतात. ते मनावर घेऊ नका. हवेतली ठिणगी किती व्होल्टला उडेल हे इलेक्ट्रोडच्या टोकाच्या आकारावर आणि हवेच्या ओलाव्यावरही ठरतं, आणि टोक टोकदार असेल तर आकडा खूपच बदलतो. मिलिमीटर मोजायला व्हर्नियर वापरा, तोही नसेल तर ६ मिमीच्या ड्रिल बिटची दांडी इलेक्ट्रोडच्या मध्ये घालून गॅप लावा. लॉक नट नसलेल्या टेस्टरमध्ये इलेक्ट्रोड धक्क्याने फिरतो, म्हणून प्रत्येक वेळी गॅप पुन्हा मोजावा लागतो. हा या साधनातला खरा दोष आहे. गॅप ८ मिमीच्या पुढे ओढत नेऊन कॉइलची परीक्षा बघण्याचा मोह टाळावा.

वापरायची पद्धत अशी. आधी इंजिन थंड असताना एकदा चाचणी घ्या आणि ठिणगीचा रंग, आवाज लक्षात ठेवा. निळसर पांढरी आणि टक् टक् वाजणारी ठिणगी निरोगी. केशरी, बारीक, मधूनच गायब होणारी अशक्त. भर उन्हात काहीच दिसत नाही, तेव्हा सावली करा. मग गाडी किमान वीस मिनिटं चालवा, बंद करा आणि पाच ते दहा मिनिटं उभी ठेवा. ही थांबण्याची पायरी कुणी गाळू नये. गाडी बंद झाली की वारा थांबतो, हेडमधली उष्णता बाहेरच्या बाजूला सरकते आणि कॉइल, पिकअप कॉइल (इंजिनाच्या फिरण्यावरून ठिणगीचा इशारा देणारी), कार्ब्युरेटर हे भाग चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतात. आता सुरू करून बघा. होत नसेल तर चोक, थ्रॉटल कशालाही हात न लावता कॅप काढा, टेस्टर लावा आणि पाच सेकंद सेल्फ मारा.

६ मिमीला ठिणगी जोरदार असेल तर कॉइल, सीडीआय आणि पिकअप यांच्यावरचा संशय तिथेच मिटला. ६ ला नाही पण ३ मिमीला उडते, तर ठिणगी अशक्त आहे. इथे कॉइलच्या आधी तीन गोष्टी बघाव्यात. प्लग कॅप वायरवरून फिरवून काढा, वायरचं टोक हिरवट किंवा काळं पडलं असेल तर ५ मिमी कापून कॅप परत घट्ट बसवा. रेझिस्टर कॅप असेल तर मल्टिमीटरवर साधारण ५ किलोओम यायला हवेत. त्याहून बरेच जास्त आले तर कॅप बाद. आणि सेल्फ मारताना बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १० व्होल्टच्या खाली जात असेल तर तापलेली सेल्फ मोटर किंवा थकलेली बॅटरी ठिणगीचा जीव घेते आहे, कॉइलचा त्यात दोष नाही.

अजिबातच ठिणगी नसेल तर आधी किल स्विच आणि साइड स्टँडचा स्विच, मग पिकअप कॉइल. पिकअप इंजिनाच्या कव्हरमध्ये, गरम तेलाच्या शेजारी असते. तिची बारीक तार तापल्यावर प्रसरण पावून तुटते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. गरम असतानाच तिचा कनेक्टर सोडून ओम मोजा. एक गोष्ट ध्यानात हवी: तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना २०० ओम असलेली निरोगी पिकअप १०० अंशांना २६० च्या आसपास दाखवेल, आणि ते बरोबरच आहे. आकडा अनंत झाला किंवा वायर हलवताना उड्या मारू लागला तरच ती खराब. पिकअप ठीक असेल तर कॉइल आणि सीडीआयवर आळीपाळीने थंड पाण्यात पिळलेलं फडकं दोन-तीन मिनिटं ठेवा, कनेक्टरमध्ये पाणी जाऊ न देता. ज्याला गार केल्यावर ठिणगी परत आली तोच भाग बदलायचा.

ठिणगी चांगली असूनही गाडी सुरू होत नसेल, तर टेस्टरने आपलं काम केलं असं समजा आणि नवा, त्याच हीट रेंजचा (उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेचा) प्लग लावून बघा. टेस्टर प्लगची परीक्षा घेत नाही, ही त्याची ठळक मर्यादा. इन्सुलेटरला बारीक चीर गेलेला किंवा कार्बनने माखलेला प्लग या चाचणीत सापडतच नाही.

त्यानंतर वळायचं पेट्रोलकडे. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात, आणि गरम हेडला चिकटलेल्या कार्ब्युरेटरची वाटी त्याहून बरीच तापते. वाफ इनटेकमध्ये साठते आणि मिश्रण जाड होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं. ओळखायची खूण: थ्रॉटल पूर्ण उघडा धरून, चोक न लावता सेल्फ मारला की गाडी धडपडत सुरू होते आणि काळा धूर सोडते. असं झालं तर फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या भागाची) उंची, नीडल व्हॉल्व्हच्या टोकावर पडलेली खाच, आणि चोकच्या प्लंजरखालचा रबर तपासा. हा रबर कडक होऊन नीट बसेनासा झाला की चोक कायम थोडा उघडा राहतो. थंड इंजिनाला ते मानवतं, गरम इंजिनाला नाही. उलट, टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाचा तापमान सेन्सर मोजा. साधारण २० अंशांना २ ते २.५ किलोओम आणि ८० अंशांना ३०० ओमच्या जवळपास असा त्याचा उतार असतो. गरम असूनही तो थंडाचा आकडा देत असेल तर ईसीयू (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर) गरम इंजिनात जास्तीचं पेट्रोल ओतत राहतो.

आणि टॅपेट. एक्झॉस्टचं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, कमी झालं असेल तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. किक असलेल्या गाडीत हे पायालाच कळतं: थंड असताना किक कडक, गरम झाल्यावर पोकळ. टॅपेट रात्रभर उभ्या, पूर्ण गार इंजिनात, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणून फिलर गेजने मोजायचं. आकडा मॅन्युअलमधला. टिकटिक आवाज नको म्हणून घट्ट केलेली टॅपेट या दुखण्याचं फार मोठं कारण असतात, आणि या कामाला कुठलाही नवा भाग लागत नाही.

दिव्याचा टेस्टर प्लग आणि कॅपच्या मध्ये बसतो आणि ठिणगीसोबत लुकलुकतो. विजेचा प्रवाह जातो आहे एवढंच तो सांगतो, ठिणगीत जोर किती ते नाही. अशक्त कॉइलवरही तो आनंदाने पेटतो. इंजिन चालू असताना मधूनच मिसफायर होत असेल तर तो गॅपवाल्यापेक्षा सोयीचा, पण गरम सुरू न होण्याच्या तक्रारीत त्याच्या भरवशावर कॉइलला निर्दोष ठरवू नका. कॉइल थेट प्लगवरच बसणाऱ्या गाड्यांत दोन्ही प्रकार जोडायला अडचणीचे आहेत. तिथे वेगळी एक्स्टेन्शन वायर लागते, ती सोबत मिळते का हे घेण्याआधीच बघा. दोन सिलिंडरच्या गाडीत एका कॅपवर टेस्टर लावला तरी दुसऱ्या सिलिंडरवर इंजिन सुरू होऊ शकतं, म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये आणि हात किल स्विचवर ठेवा.