कडुनिंबाचं तेल, 10000 पीपीएम (औषधाची तीव्रता), 100 मिलीची बाटली: पाचपैकी साडेतीन

गोव्यात साखळीला आमच्या दारात अनंताचं झाड आहे. त्याच्या सावलीत ह्यांची स्कूटर उभी असते. फेब्रुवारीत सीट रोज चिकट व्हायला लागली. आधी संशय नातवावर गेला, बिचारा! मग पानं काळी पडली, बोट फिरवलं की काजळी हाताला. जवळच्या एका दुकानात ‘काळी बुरशी आलीय’ म्हटलं, त्यांनी न बघताच बुरशीनाशक बांधून दिलं. दोनदा फवारलं. काजळी तशीच, वर हुमल्यांची, म्हणजे मुंग्यांची, रांग.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेले तेव्हा पिशवीत एक डहाळी टाकली. बियाण्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं काजळीकडे ढुंकूनही बघितलं नाही. “बाय, पान परतून पळय,” म्हणाला. मधल्या शिरेला धरून तिळाएवढे चपटे हिरवट ठिपके बसलेले. घरी ह्यांच्या भिंगाखाली धरले, तर प्रत्येकाच्या पाठीत काळ्या ठिपक्यांची घोड्याच्या नालेसारखी कमान. ही खवले कीड. पानातला रस पिते, जादाचं गोड पाणी खाली सोडते. त्यावर काजळी चढते, आणि त्या गोडासाठी हुमले हिची राखण करतात. लाख देणारा किडा हिच्याच गोतातला, म्हणजे लाखेच्या बांगड्यासुद्धा ह्या किड्यांच्याच कृपेनं!

तर तेलाबद्दल. पाण्यात टाकल्याबरोबर दूध होतं, ही मोठी जमेची बाजू. पूर्वी सुटं तेल आणलं होतं, ते वर तरंगायचं, पंपाचं तोंड बुजायचं. हे लिटरला 3 मिली, वर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. उन्हं उतरल्यावर, पानांच्या पाठीमागून. दुपारी फवारलेल्या पिटकोळीची (एक्झोराची) पानं करपली, ती चूक माझी.

बाटलीवर ‘सर्व किडींचा नायनाट’ छापलंय, ते मात्र सोडून द्या. मोठी, बसलेली खवले ह्याला फारशी दाद देत नाही. तेल लागू पडतं ते नुकत्या बाहेर पडलेल्या पिल्लांवर. ती पिवळसर धुळीच्या कणाएवढी असतात आणि थोडेच दिवस चालतात. म्हाताऱ्यानंच युक्ती सांगितली: फांदीला दोन्हीकडून चिकट असलेली टेप गुंडाळायची, तिच्यावर कण दिसले की फवारायचं. मी दहा दिवसांच्या अंतरानं तीनदा मारलं. दाट भरलेल्या डहाळ्या आधीच छाटल्या, बाकीच्या जुन्या दातघासणीनं घासल्या. भिंतीला टेकलेली फांदीही काढली, हुमल्यांचा तो पूल होता.

दुसऱ्या फवारणीनंतर ठिपके तसेच बघून पैसे पाण्यात गेले असं वाटलं होतं. पण मेलेली खवले गळून पडत नाही, पानालाच चिकटून राहते. सुईनं टोचून बघा: ओलं निघालं तर जिवंत, कोरडा पापुद्रा सुटला तर मेली. एप्रिलमध्ये दहातल्या आठ कोरड्या निघाल्या. नवी पालवी स्वच्छ आली, सीटही कोरडी.

दीड तारा कापला तो त्या छापील थापेसाठी आणि झाकणासाठी. झाकण गळतं. माझ्या पिशवीतली कोथिंबीर टाकून द्यावी लागली आणि पिशवीचा वास तीन धुण्यांनीही गेला नाही. पावसाआधी लिंबासाठी अजून एक बाटली आणायची आहे, ती दुकानातच उलटी धरून बघणार.