जांभळी नाक्याजवळचं जर्सीवाल्या दादाचं दुकान, आणि माझा बोस्टनचा ५० नंबर

ठाण्यात जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत टीमच्या जर्सी करून देणारं एक छोटं दुकान आहे, मुख्य धंदा बॉक्स क्रिकेट आणि सोसायटी लीगचा, पण दादा बेसबॉलची पुढून बटणांची जर्सीपण शिवून देतो आणि मनापासून सांगतो, काम एक नंबर आहे. मी बोस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल टीमवाला, त्यांची संध्याकाळची मॅच म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार, तरी सोडत नाही, आणि कधीपासून एक धड पांढरी होम जर्सी हवी होती.

आधी कामाबद्दल. दादा तीन-चार कापडं समोर टाकतो, हात लावून बघा म्हणतो, घाई करत नाही. पांढऱ्यात जरा जाड घ्या, पातळ घेतलं तर आतला बनियन दिसतो. आकडा स्टिकरवालाही मिळतो आणि स्वस्त पडतो, पण मी कापडाचा कापून शिवून घेतला, खाली निळा थर, वर लाल, आणि कडेने बारीक झिगझॅग टाका. ५ च्या आतल्या कोपऱ्यात टाका वळतो ना, तिथे बहुतेकांकडे दोरा सुटतो किंवा कापड गोळा होतं, इथे भिंगातून बघावं इतकं साफ आहे. बरेचदा धुतलीय, लाल रंग पांढऱ्यावर उतरलेला नाही. सगळं मिळून दीड हजाराच्या आत झालं.

आता दादाचा पहिला प्रश्न असतो, मागे नाव काय टाकू? बोस्टनच्या होम जर्सीवर नाव नसतंच, फक्त नंबर, हे सांगितल्यावर तो खूश झाला, म्हणाला बरंय तुमचं, आमच्याकडे आयपीएलचं ऑक्शन झालं की पोरं विचारत येतात, दादा जुनं नाव काढून मिळेल का. पण नाव नसलं तरी नंबर कोणाचा हा प्रश्न उरतोच, आणि त्यावर मी खूप विचार केला, कारण आमच्या टीमने स्वतः घडवलेली तीन पोरं तीन वेगवेगळ्या वाटांनी गेलीत.

मूकी बेट्स, २०१८ चा एमव्हीपी म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, त्याच वर्षी आम्ही वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, जिंकली. फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या क्लबशी करार करायला मोकळा, व्हायला एक सीझन बाकी असताना फेब्रुवारी २०२० मधे क्लबने त्याला लॉस एंजेलिसच्या टीमला ट्रेड केलं, म्हणजे अदलाबदलीत देऊन टाकलं, आणि तिकडे एक मॅच खेळायच्या आत त्यांनी १२ वर्षांचा ३६.५ कोटी डॉलरचा करार हातात ठेवला. म्हणजे लांबचा करार करायला तो तयार होता, फक्त आम्ही तेवढे पैसे दिले नाहीत. झँडर बोगार्ट्सने २०१९ मधे ६ वर्षं १२ कोटींवर सही केली होती, बाजारापेक्षा स्पष्ट कमी, २०२२ नंतर बाहेर पडायची मुभा होती ती त्याने वापरली आणि सॅन दिएगोने ११ वर्षं २८ कोटी दिले. आणि रफाएल डेव्हर्स, त्याला जानेवारी २०२३ मधे १० वर्षांचे ३१.३५ कोटी दिले, वाटलं चला एक तरी राहिला, तर जून २०२५ ला त्यालाही सॅन फ्रान्सिस्कोला पाठवून दिलं. दहा वर्षांचा करार खेळाडूला बांधतो, क्लबला नाही, हे तेव्हा फार लागलं मला.

म्हणून कोणी म्हणालं ना की हल्लीच्या खेळाडूंना निष्ठा नाही, पैसा दिसला की पळतात, तर माझं डोकंच सटकतं. अरे मोठ्या लीगमधली पहिली सहा वर्षं तर पोरगा क्लबच्याच ताब्यात असतो, त्यातली सुरुवातीची तीन साधारण किमान पगारावर, मग दरवर्षी पगारावरून लवादाची कटकट, आणि सहा वर्षं भरली की आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतः ठरवतो कुठे खेळायचं. हेसुद्धा फुकट मिळालेलं नाही. कर्ट फ्लड १२ सीझन सेंट लुईसला खेळला, १९६९ मधे त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकला, तो म्हणाला मी जाणार नाही, सुप्रीम कोर्टापर्यंत लढला, १९७२ ला हरला, करिअर गेलं. डिसेंबर १९७५ मधे दुसऱ्या दोन खेळाडूंच्या केसमधे लवादाने निकाल दिला आणि दार उघडलं, पण त्याला त्याचा काही उपयोग झाला नाही. आज दहा वर्षं झालेला आणि शेवटची पाच एकाच क्लबात काढलेला खेळाडू ट्रेडला नाही म्हणू शकतो, तो हक्क मला तरी फ्लडचाच वाटतो.

आपल्याकडे तर बोलायलाच नको. ऑक्शनमधे खेळाडूला कोण विचारतं? आणि तरी २०२४ ला वानखेडेवर हार्दिकला किती हुर्यो केली, सौदा दोन फ्रँचायझींचा आणि शिव्या एकट्याला. वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडे गेला, तिथे दोनदा रणजी जिंकून दिली, त्याला कोण गद्दार म्हणेल?

राहिला तो डस्टिन पेड्रोइया. अख्खं करिअर बोस्टनला, २०१३ मधे ८ वर्षं ११ कोटींवर सही केली, सही न करता फ्री एजंट झाला असता तर नक्की जास्त मिळाले असते. त्याचा १५ नंबर घे असं माझा भाऊ म्हणत होता आणि त्याला मी खरंच मानतो. पण मी बेट्सचाच ५० घेतला. त्याने आम्हाला जे दिलं ते ट्रेडने पुसलं जात नाही, आणि तो गेला नाही, त्याला पाठवला.

बाकी काही गोष्टी लक्षात ठेवा. क्लबचा लोगो दादा छापत नाही, तसं आधीच सांगतो, उगाच गळ घालू नका. बायकांच्या मापात पर्याय कमी आहेत, बहिणीसाठी घ्यायची होती ती खांद्यात ढगळ झाली, तेव्हा माप देऊनच शिवून घ्या. टूर्नामेंटच्या दिवसांत आठवडा सांगतो आणि दोन घेतो, म्हणून पावसाळ्यात ऑर्डर द्या. गाडी नेऊ नका, पार्किंग शून्य, ठाणे स्टेशनवरून चालत जा.