उबुंटूतल्या फालतू सर्व्हिसेस बंद केल्या, पण कप्स काही केल्या जाईना

४ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क आणि त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम. जो तो सांगतो वेगवान एसएसडी डिस्क टाक, पण या लॅपटॉपवर आता दमडीही घालायची नाही असं ठरवलंय. मग फुकटातला उपाय म्हणून मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस, म्हणजे पडद्याआडचे प्रोग्राम, छाटल्या. काही महिने झाले, आता लिहायला हरकत नाही.

ब्लूटूथ आणि इंटरनेट डोंगल सांभाळणारा मोडेममॅनेजर डिसेबल केल्यावर गपगुमान गेले. डोंगल लावतंय कोण आता! कटकट निघाली ती प्रिंटिंग सांभाळणाऱ्या कप्स या सर्व्हिसची. घरात प्रिंटरच नाही. सर्व्हिसेस हाताळणाऱ्या सिस्टमसीटीएल कमांडने स्टॉप केलं, तर वर मलाच ताकीद: थांबवतोय, पण कप्स-सॉकेट आणि कप्स-पाथ (काम आलं की तिला जागं करणारे तिचे दोन साथीदार) हिला परत उठवू शकतात. बरं, डिसेबल केलं. त्या दोघांचेही आपोआप सुरू होण्याचे दुवे काढले गेले. रीस्टार्ट केलं, तर बाई पुन्हा ॲक्टिव्ह!

तिला कोण बोलावतंय ते सिस्टमसीटीएलच्या लिस्ट-डिपेंडन्सीजला (कोण कुणावर अवलंबून, ती यादी) रिव्हर्स लावून पाहिलं. नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारी कप्स-ब्राउज्ड. तिच्या युनिट फाइलमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंग्जची फाइल) ‘रिक्वायर्स’पुढे कप्स लिहिलेलं, त्यामुळे ती येताना हिला घेऊनच येते. डिसेबलने फक्त बूटच्या, म्हणजे मशीन चालू होतानाच्या, यादीतून नाव जातं. दुसऱ्या कुणी हाक मारली की सर्व्हिस हजर. शेवटी दोघींना मास्क केलं. मास्कमध्ये युनिटचं नाव थेट डेव्ह-नलला, म्हणजे कायम रिकाम्या असणाऱ्या फाइलला, जोडतात, मग हाका मारत बसा.

एवढं करून रॅम वाचली जेमतेम काही एमबी! खरा फरक पडला तो फाइलींची सूची करणाऱ्या ट्रॅकर-मायनरला मास्क केल्यावर. तो यूजर सर्व्हिस, त्यामुळे सुडो (ॲडमिनचे अधिकार) न लावता ‘--यूजर’ लावावं लागतं. लॉगिननंतरची डिस्कची खरखर थांबली. बदल्यात फाइलीतल्या मजकुरावरून शोध गेला, नावावरून मिळतं. मला तेवढं पुरतं.

तरी कप्स-ब्राउज्डवरचा राग अनाठायी नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्यातल्या त्रुटी जाहीर झाल्या: नेटवर्कच्या यूडीपी पोर्ट ६३१ या दारावर कुणाचंही पॅकेट (माहितीचा तुकडा) आलं की ती त्यावर विश्वास ठेवायची. त्या दुरुस्त करणारे पॅच आले, पण मास्क मी काढलेलं नाही. आपोआप अपडेट टाकणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्स या सर्व्हिसला मात्र हात लावला नाही, असले पॅच तीच आणते. आणि छापायचंच झालं तर पीडीएफ घेऊन कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आहेच.