प्रसूती कक्षातला सिरिंज पंप: अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात, सिरिंजमधलं औषध ठरल्या वेगाने शिरेत सोडणारा हा पंप उन्हाळ्यापासून चालू आहे. कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन आणि गरोदरपणातल्या झटक्यांवरचं मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट), या दोनच औषधांसाठी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातले पंप थोड्याफार फरकाने सारखेच वागतात. मत आधीच सांगून टाकतो: मॅगसल्फसाठी जरूर घ्यावा. ऑक्सिटोसिनसाठी मात्र बाईजवळ बसणारं माणूस असेल तरच.

मॅगसल्फचं गणित सोपं आहे. ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या अँप्युलमध्ये १ ग्रॅम. अशा १० अँप्युल म्हणजे २० मिली, त्यात ३० मिली एनएस (साधं सलाईन). झाले ५० मिलीत १० ग्रॅम, म्हणजे मिलीला ०.२ ग्रॅम. सुरुवातीचा ४ ग्रॅमचा डोस २० मिलीत येतो. तो २० मिनिटांत द्यायचा तर वेग ताशी ६० मिली. पुढे ताशी १ ग्रॅम, म्हणजे ५ मिली. उरलेले ३० मिली सहा तास पुरतात, नंतरची प्रत्येक सिरिंज दहा तास.

धोका त्या ६० वरून ५ वर येण्यात आहे. वेग बदलायचा राहिला तर उरलेले ६ ग्रॅम अर्ध्या तासात आत जातात. म्हणून सुरुवातीलाच एकूण मात्रेची मर्यादा २० मिली लावायची. तेवढं गेलं की पंप स्वतःहून थांबतो आणि ओरडतो. ही मर्यादा लावता न येणारा पंप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

पंप ५ मिली अचूक सोडतो, पण बाईची किडनी ते बाहेर टाकते आहे की नाही हे त्याला कळत नाही. दर तासाला तीन गोष्टी बघायच्या: श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त, लघवी ताशी निदान ३० मिली, गुडघ्याचा झटका (गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडणं) शाबूत. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेला आकडा इथे चालत नाही. सिझरसाठी पाठीत इंजेक्शन दिलं असेल तर गुडघा काही तास उत्तर देत नाही, तेव्हा कोपरापाशी बायसेप्सचा झटका बघावा. तिन्हीपैकी एक जरी बिघडलं तरी आधी पंप बंद, मग डॉक्टरांना फोन. मॅगसल्फवरचा उतारा म्हणजे १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट; त्याची १० मिलीची अँप्युल पंपालाच चिकटपट्टीने लावून ठेवलेली बरी. ती सावकाश शिरेतून द्यायची असते, पण शोधायला वेळ नसतो.

ऑक्सिटोसिनची गोष्ट अवघड. बाटलीत ५ युनिट ५०० मिली आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट सलाईनमध्ये) घातले की मिलीला १० मिलियुनिट. मिनिटाला २ मिलियुनिटने सुरुवात करायची तर ताशी १२ मिली, म्हणजे मिलीला २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला ४ थेंब. तेच ५ युनिट ५० मिलीच्या सिरिंजमध्ये घेतले की मिलीला १०० मिलियुनिट होतात, आणि २ मिलियुनिटसाठी वेग लागतो ताशी १.२ मिली. सवयीने पंपावर १२ टाकलं, तर पहिल्याच मिनिटापासून २० मिलियुनिट सुरू. बाटलीतला सुरुवातीचा आकडा सिरिंजमध्ये जवळजवळ शेवटचा ठरतो! स्क्रीनवरचा दशांश चिन्हाचा ठिपका मुंगीएवढा, रात्रीच्या उजेडात दिसत नाही. उपाय एकच: सिरिंजवरच्या पट्टीवर औषध, युनिट, एकूण मिली, वेळ आणि ‘मिलियुनिट गुणिले ०.६ = ताशी मिली’ हे मार्करने लिहायचं, आणि दुसऱ्या सिस्टरने आकडा मोठ्याने वाचायचा.

इतक्या कमी वेगात पंपाचे बाकीचे गुणदोषही उघडे पडतात. एक्सटेंशन लाइनमध्ये दीडेक मिली मावतं. ती नुसत्या सलाईनने भरली तर १.२ च्या वेगाने औषध शिरेत पोचायला तासाहून जास्त लागतो. तोवर ‘कळा येत नाहीत’ म्हणून दोनदा वेग वाढवलेला असतो. लाइन औषधानेच भरा, थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) कॅन्युलाच्या, म्हणजे शिरेतल्या नळीच्या, अगदी जवळ जोडा, आणि सुरू करण्याआधी पर्ज करून (थोडं औषध बाहेर सोडून) पिस्टनची ढिलाई काढा. पंप बाईच्या छातीच्या उंचीवर असावा.

अडथळ्याचा अलार्मही या वेगात उशिरा वाजतो, कारण लाइनमध्ये दाब हळूहळू साठतो. वाकवलेला हात सरळ केला की साठलेलं सगळं एकदम आत जातं. अलार्म झाला की आधी थ्री-वे बाईच्या बाजूने बंद, मग दाब बाहेर सोडायचा, मग कारण शोधायचं. बहुतेक वेळा कारण कोपरातला कॅन्युला असतो. कळ आली की बाई हात आवळते. हिरवा १८ नंबर मनगटाच्या वर, हाताच्या पुढच्या भागात घातला की हा त्रास बराच कमी होतो.

वेग अर्ध्या तासाने वाढवायचा, तोही पोटावर हात ठेवून दहा मिनिटांतल्या कळा मोजल्यावरच. पाचपेक्षा जास्त कळा, किंवा कळ ओसरल्यावर डॉपलरवर बाळाचे ठोके ११० च्या खाली, तर पंप बंद, बाई डाव्या कुशीवर, डॉक्टरांना हाक. आणि थांबवल्यावर त्याच लाइनमधून आरएल जोरात सोडू नका, थ्री-वेतलं उरलेलं औषध ढकललं जातं. ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवा. मे महिन्यात फ्रीजबाहेर ट्रेमध्ये पडलेली अँप्युल कमी काम करते, आणि दोष पंपावर येतो.

सिरिंज कोणत्या कंपनीची, हे पंपाच्या यादीत बरोबर निवडावं लागतं. पंप दट्ट्या किती सरकला तेवढंच मोजतो. सिरिंजचा आतला व्यास वेगळा निघाला की डोस चुकतो आणि अलार्मही वाजत नाही. पुरवठ्यात दर खेपेला वेगळी सिरिंज येते, ही खरी डोकेदुखी. लुअर-लॉकचीच (नळी पिळून घट्ट बसते ती) घ्या.

आता पावसाळा. माहितीपत्रकात बॅटरी चार तास म्हटली आहे. गणपती येईपर्यंत ती निम्म्यावर आली. पंप नेहमी प्लगला ठेवा आणि महिन्यातून एकदा ताशी ५ मिलीवर नुसत्या बॅटरीवर चालवून बघा. खाऱ्या हवेने प्लगच्या पिनांवर हिरवट थर चढतो, मग चार्जिंगचा दिवा लागतो पण बॅटरी भरत नाही. डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) सांडलं तर सरकता दांडा चिकटतो; ओल्या फडक्याने लगेच पुसा, स्पिरिटने स्क्रीन धुरकट होते. बॅटरी संपलीच तर ऑक्सिटोसिन नव्याने बाटलीत घ्यायचं आणि थेंबांचा हिशेब पहिल्यापासून करायचा. सिरिंजचा आकडा तिथे लागू नाही.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात पंपाला हात लावू नका. तिथे १००० मिलीत २० युनिट, मिनिटाला ६० थेंब, म्हणजे ताशी १८० मिली जायला हवं, आणि बाईला पाणीही तेवढंच हवं असतं. बाटलीच बरी. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं ठरलं आणि मॅगसल्फचा पहिलाच डोस असेल, तर कुल्ल्यात दोन्हीकडे ५-५ ग्रॅम देऊन पाठवणं रुग्णवाहिकेतल्या पंपापेक्षा भरवशाचं. वळणांवर पंपाचा क्लॅम्प ढिला होतो.