टीडीएसचं मीटर दाखवून आम्हाला फसवलं

माझी धाकटी बहीण छत्तीसगडात, आंबागड चौकी भागातल्या एका खेड्यात दिली आहे. आमच्या गोंदियाकडून तिकडे जुनी सोयरीक चालते. त्या भागात जमिनीखालच्या पाण्यात आर्सेनिक आहे, म्हणजे सोमल. १९९९ साली, छत्तीसगड वेगळं व्हायच्या आधी, जादवपूर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तिथल्या कौडीकसा गावचं पाणी तपासून हे जाहीर केलं होतं. बहिणीच्या सासूचे तळहात मी पाहिलेत. ज्वारीच्या दाण्याएवढ्या कडक गाठी, आणि छातीवर शिंतोडे उडावेत तसे काळे डाग.

नळयोजनेचं पाणी गावात येतं, पण तिच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, उन्हाळ्यात पोचत नाही. म्हणून दोन बचत गटांनी पाणी शुद्ध करायचं मशीन घ्यायचं ठरवलं. विक्रेता मी शोधून दिला. बायकांनी पैसे काढले ते माझ्या शब्दावर, म्हणून हे लिहिणं माझ्याकडे लागतं.

त्या दिवशी समाजमंदिरात पन्नासेक माणसं जमली होती. विक्रेत्याने दोन ग्लास मांडले, एकात हातपंपाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत सळ्यांचं यंत्र बुडवून वीज सुरू केली. बघता बघता हातपंपाचं पाणी पिवळं पडलं, मग गढूळ तपकिरी झालं, वर फेस आला. दुसरा ग्लास नितळच. "बघा माय, हे विष पिता तुम्ही." बायकांनी तोंडाला पदर लावला. मीही घाबरलो.

ते विष नव्हतंच, सळ्यांच्या लोखंडाचा गंज होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही. कुणी तुमच्या गावात हा खेळ मांडला तर त्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला लावा, तेही तसंच रंगेल. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळूनही ते जात नाही.

मग त्याने टीडीएसचं मीटर काढलं. हातपंप ४१०, मशीन ३५. टाळ्या पडल्या. हे मीटर सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा मिळून अंदाज देतं, तोही पूर्ण मिलिग्रॅममध्ये. आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ते त्या मीटरला कुठून दिसणार? प्रयोगशाळेचा अहवाल म्हणून त्याने लॅमिनेट केलेला कागद दिला. त्यात पीएच, कठीणपणा, क्लोराईड, सगळं होतं. आर्सेनिकची ओळच नव्हती, नमुना कुठला तेही नव्हतं. मी तो हातात घेतला, खालचा शिक्का बघितला आणि परत केला.

एक लाख साठ हजार ठरले, त्यातले एक लाख दहा हजार आधी रोख. पावती कच्ची.

दहा महिने ते पाणी प्याले सगळे, लेकरंसुद्धा. मग राजनांदगावला शिकणाऱ्या भाच्याने दोन बाटल्या सरकारी प्रयोगशाळेत दिल्या. लिटरला हातपंपाचे ८६ मायक्रोग्रॅम, मशीनच्या नळाचे ५८. चालतात जास्तीत जास्त १०, म्हणजेच ते ०.०१ मिलिग्रॅम. नळवाल्याला बोलावून झाकण उघडलं, तर आत एक बारीक नळी गाळणीला वळसा घालून हातपंपाचं पाणी थेट टाकीत सोडत होती. फोनवर विक्रेता म्हणाला, "चव यावी म्हणून थोडं मिसळावंच लागतं, दादा." त्यानंतर फोन बंद.

आणखी एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. मशीन जे पाणी बाहेर फेकतं त्यात आर्सेनिक अधिकच साठलेलं असतं. आमचं ते पाणी बहिणीच्या वांग्यांच्या वाफ्यात जात होतं.

ठाण्यात गेलो. जीएसटी नंबर नाही, पक्कं बिल नाही, करारही नाही. अर्ज घेतला, पुढे काही झालेलं नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही बिलाचंच विचारलं. निम्मे पैसे तरी मशीन बसल्यावर, त्याच्या नळाचं पाणी आम्ही स्वतः नेऊन आर्सेनिकसाठी तपासल्यावर द्यायला हवे होते. महिनाभर चालल्यावर पुन्हा एकदा तपासायला हवं होतं. तपासणीचा खर्च मशीनपुढे काहीच नव्हता.

आता मशीनला कुलूप आहे. बायका पाळीने मोठ्या वस्तीतून नळयोजनेचं पाणी आणतात. पाणी तपासायची पेटी पंचायतीतून मिळाली आहे. बाटलीत पाणी घ्यायचं, पुड्या टाकायच्या, झाकणात कागदाची पट्टी बसवायची. आर्सेनिक असेल तर पट्टी पिवळी, जास्त असेल तर तपकिरी होते. परवा बहिणीने नळाच्या पाण्याच्या पट्टीचा फोटो पाठवला. पट्टी पांढरीच होती. तिने खाली लिहिलं होतं, "आईंना दाखवली."